‘वापरू नये’ची यादी

श्रवणयंत्राची चिप त्या संध्याकाळी कारखान्याकडे रवाना व्हायची होती, आणि मंजुरीच्या कागदावर फक्त आराखडा करणारी अभियंता म्हणून तिची सही राहिली होती.

चिप कोणी शून्यातून रचत नाही. कारखाना तयार घटकांचा संग्रह देतो. एकच घटक लहान, मध्यम, थोराड अशा मापांत. थोराड घटक चपळ, पण वीज पिणारा. जिथे घाई नाही तिथे लहान पुरतो. जागा पाहून माप निवडणे हेच तिचे काम. मात्र दर वेळी जुन्या फाइलीतून ‘वापरू नये’ अशी एक यादी जशीच्या तशी उतरवली जाई, आणि तिच्यात झाडून सगळे लहान घटक होते. मुंगीच्या ओझ्याला हत्ती जुंपण्याचा हा उद्योग नऊ वर्षे चालला होता.

“यादी काढली तर वीज एक तृतीयांश कमी लागते,” ती विभागप्रमुखांना म्हणाली. “दोन दिवस चाचण्या घेतल्यात. वेगात कुठे उणं पडत नाही.”

“अहो, चालत्या गाडीला खीळ कशाला घालता? आजवर एक तक्रार नाही.”

“तक्रार कोण करणार, सर? चारनंतर त्यांना ऐकूच येत नाही.”

तिच्या वडिलांच्या कानात इथलेच यंत्र होते. सकाळी सातला घातलेले, दुपारी चारला मान टाकी. ‘बाबा, तुम्ही नीट चार्जच करत नाही,’ म्हणून तिने त्यांना कितीदा फैलावर घेतले होते. ते ओशाळून हसत.

“यादी कोणा जाणत्यानेच केली असेल,” विभागप्रमुख म्हणाले.

“तुम्हीच केलीत. आणि तेव्हा बरोबरच होती. तेव्हाच्या संग्रहातले लहान घटक सदोष होते; आताचा संग्रह नवा आहे. पण खाली तुम्हीच लिहिलंय.” तिने नऊ वर्षांपूर्वीचा कागद पुढे सरकवला. ‘नवा संग्रह आला की ही यादी रद्द करावी.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

“आठवडा जाईल. वर काय सांगू?”

“हेच सांगा. अकरा चिपांवर मी यादी न वाचता सही केली. बारावीवर करणार नाही.”

विभागप्रमुखांनी फोन उचलला आणि कारखान्याला आठवडाभर थांबायला सांगितले.

तिने आभार मानले नाहीत. त्या अकरा चिपा कधीच लोकांच्या कानांत जाऊन बसल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. घरी बाबांनी यंत्र काढून डबीत ठेवले असेल, आणि दोष स्वतःचाच मानला असेल.