वाक्य पूर्ण होईपर्यंत

“मला परत...” एवढं बोलून कॉम्प्युटर गप्प झाला. पडदा निळा पडला, आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू व्हायला लागलं.

“बघितलंस?” लिफ्टवाले काका मला म्हणाले. “चार दिवस हेच चाललंय. पाणी, चहा, हो, नाही, एवढं नीट बोलतं. जरा लांबण लावली की मान टाकतं.”

काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर कीबोर्ड. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून त्या टाइप करायच्या आणि कॉम्प्युटर ते बोलून दाखवायचा; पडदा वाचत थांबायचा काकांना धीर नव्हता. औषधांनी बोटं बधिर झाली होती, पेन धरवत नव्हतं, म्हणून एका बोटाने एकेक अक्षर दाबायच्या. त्यांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि मग नवऱ्याकडे बोट दाखवलं.

“काका, मशीन उघडलं कुणी?”

“कोण उघडणार? मीच. फार हळू चालत होतं गं. हिचं एक वाक्य बाहेर पडेपर्यंत माझा चहा संपायचा. म्हणून रॅमची नवी पट्टी आणली आणि बसवली. अख्ख्या लिफ्ट उतरवल्यात मी, ही तर बोटाएवढी पट्टी.”

आता यांना काय बोलायचं? काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि माणूस कायम घोड्यावर. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात यायचे. मी म्हणायचे, “काका, तुमचा प्रिंटर...” की लगेच, “झाला ना? दे.” झालेला नसायचा. काकूंना आवाज होता तेव्हा त्या हसून सांगायच्या, “लग्न झाल्यापासून माझी वाक्यं हेच पूर्ण करतात, आणि एकदाही बरोबर करत नाहीत.” हौशी बाई. बोलायला बसली की ऐकणाऱ्याचं दूध उतू जायचं. अशा बाईचाच आवाज जावा, याचा मला अजून राग येतो.

मी कॅबिनेट आडवं करून झाकण काढलं.

“सोमवारच्या आत होईल ना?” काकांनी विचारलं. “सोमवारी हिला भरती करायचंय. दुखणं उलटलंय. परत ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले बघू करून, मी लगेच तारीख घेऊन टाकली.”

काकूंचं बोट खाली गेलं. तोवर मशीन सुरू झालं होतं.

“नको,” कॉम्प्युटर म्हणाला.

“नको काय, नको? कोणाला हवं असतं? बरं व्हायचंय ना तुला?” असं म्हणून काका माझ्यासाठी पाणी आणायला आत गेलेसुद्धा.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. चार दिवस ही बाई एकच वाक्य बोलायचा प्रयत्न करत होती, आणि ते ऐकायला ना मशीन टिकत होतं, ना नवरा. मला ते तेव्हा कळलं.

मी मशीन बंद करून दोन्ही पट्ट्या काढल्या, पुसल्या, जागा बदलून घट्ट बसवल्या. काकूंनी टाइप केलं. “मला परत ऑपरेशन...” आणि पुन्हा निळा पडदा. मग जुनी काढून नुसती नवी ठेवली आणि मीच काहीबाही लांबलचक लिहिलं. मशीन भराभर बोललं. म्हणजे नवी पट्टी धड होती.

“मग जुनी गेली असणार,” पाण्याचा तांब्या घेऊन आलेले काका म्हणाले.

“थांबा हो जरा.” मी नवी काढून नुसती जुनी बसवली. मशीन रेंगाळत सुरू झालं. काकूंनी कीबोर्डसाठी हात पुढे केला. या खेपेला लिहायचं काम त्या मला देणार नव्हत्या.

खूप वेळ त्या टाइप करत होत्या. काका येरझाऱ्या घालत होते. शेवटी काकूंनी बोलायचं बटण दाबलं. बराच वेळ काहीच नाही. मग तो सपाट, कुणाचाही नसलेला आवाज आला.

“मला परत ऑपरेशन...”

“...ची भीती वाटते,” काका म्हणाले. “कळतं गं मला. पण मी आहे ना बरोबर...”

“काका,” मी त्यांचा दंड धरला. “थांबा. अजून येतंय.”

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“...करायचं नाही. भीती म्हणून नाही. गेल्या खेपेला आवाज दिला. आता जे उरलंय ते द्यायचं नाही. मला घरी राहायचंय. तुमच्याशी भांडत.”

तांब्या काकांच्या हातातच होता. “मी तारीख घेतलीय गं,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग काकांनी तांब्या जमिनीवर ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसले. त्या घरात मी इतक्या वेळा गेले, पण त्यांना असं टेकलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

“बरं,” ते म्हणाले. “फोन करतो त्यांना.”

काकूंनी बधिर बोटांनी त्यांची बाही धरून ठेवली. मी कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसले. डोळे पुसायला तेवढाच आडोसा होता.

निघताना मी समजावून सांगितलं. पट्ट्या दोन्ही चांगल्या, पण त्यांचं एकमेकींशी जमत नाही. एका म्यानात दोन तलवारी. थोडक्या कामाला भागायचं, मोठं वाक्य आलं की दोघींवर भार पडायचा आणि मशीन कोलमडायचं. नवी एकटी ठेवली तर चालेल, आणि चांगली भराभर चालेल. “बसवू का, काकू?”

काकूंनी टाइप केलं. आम्ही दोघं थांबलो.

“जुनीच राहू दे. हळू असली की यांना बसावं लागतं.”

काका हसले आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं. नवी पट्टी त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

त्यानंतर मी दोन-तीनदा सहज डोकावले. दर वेळी काका पलंगाशी स्टुलावर बसलेले असायचे, पडद्याकडे नाही, काकूंकडे बघत. एकदा आतून कॉम्प्युटरचा आवाज आला, “तुमच्या आईसारखं मीठ घालता तुम्ही,” आणि काका म्हणाले, “पुढे? आहे ना अजून पुढे?” मी दारातूनच परत फिरले.

शेवटी काकू गेल्या, घरीच. मी त्या दिवशी दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकासमोरच रडले.

बऱ्याच दिवसांनी काका दुकानात आले, कॅबिनेट चादरीत गुंडाळून. उंबऱ्यापाशी उभे राहिले. आधी आत असलेल्या माणसाचं बोलणं संपून तो गेला, तेव्हा आत आले.

“दुसऱ्या कुणाला बोलायला लागत असेल तर दे,” ते म्हणाले. मग खिशातून ती पट्टी काढून काउंटरवर ठेवली. “ही पण घे. एकटी चांगली चालते म्हणाली होतीस.”

“त्यातला आवाज तुमच्यासाठी काढून ठेवू का, काका?”

“तो तिचा नव्हता गं,” ते म्हणाले. “तिचा कधी धड ऐकलाच नाही मी.”

मग मी आपलं कामाचं बोलले. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचाही घसा गेलाय, त्यांना देईन, पण आधी मशीन नीट साफ करीन, काही दिवस चालवून बघीन, मगच देईन. एवढं सगळं सांगेपर्यंत काकांनी मला एकदाही तोडलं नाही. माझं बोलून झालं. ते तरीही माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

“झालं, काका,” मी म्हणाले. “एवढंच होतं.”

“असं होय,” काका म्हणाले, आणि आणखी थोडा वेळ थांबले.