चोटीखालची गोचीड

मी हबीब. पांढरकवड्याच्या सडकेवर ट्रक दुरुस्त करतो. इंजिनात कुठं बिघडलं ते नुसत्या आवाजावरून सांगतो, अन् घरच्या पोट्टीचं मले काही समजलं नाही. आजही सोताचाच राग येते.

साल एकोणसाठ. माही पोरगी रौशन चार वर्षांची. सकाळी उठली तं पाय लटपटत होते. मी खेकसलो, "नाटकं नको करू." सांजेपर्यंत तिले बसताही येईना. डॉक्टर म्हणे, पोलिओ दिसते, उद्या नागपूरले न्या. दुसऱ्या दिवशी हातही ढिले पडले, जीभ जड झाली. माह्या तोंडचं पाणी पळालं.

न्यायची तयारी करून राह्यलो होतो, तेवढ्यात शेजारची हंसाबाई आली. शेळ्या पाळते ती. पोरीले पाहून म्हणे, "डोकं पाह्यलं काय हिचं? माहं करडू असंच लुळं पडलं होतं, कानामागं गोचीड निंघाली."

डोकं कोण पाहीन? रौशनच्या आधीची दोन लेकरं गेलती, म्हणून जमिलानं, माह्या बायकोनं, पीरबाबाची मन्नत केलती. मागची चोटी उरूसापर्यंत सोडायची नाही, कंगवा लावायचा नाही. जमिला आडवी आली. "हात लावसान तं हेबी जाईन."

"न लावताच चालली आहे," म्हटलं अन् मी चोटी सोडली. केसाच्या मुळाशी तुरीच्या दाण्याएवढी टम्म गोचीड. हंसाबाईनं चिमट्यानं कातडीलगत धरून हळूच ओढली.

डॉक्टरले दाखवली तं त्यानं कपाळाले हात लावला. म्हणे, हिची लाळ लय बदमाश. चावलेलं दुखत नाही, खाजत नाही, सुजत नाही. आंगाची राखणदारी गाफील राह्यते, चोरानं चौकीदाराले झोपवावं तशी. मंग आरामात रक्त पेते. अन् कोण्या कोण्या गोचिडीच्या लाळेत पाय लुळे करणारं विषही असते. आता वाट पाहा.

दुपारी बोटं हालली. सांजेले "अम्मी" म्हणाली. जमिला नुसती तिचे तळवे चोळत राह्यली.

तिसऱ्या दिवशी रौशन आंगणात कोंबडीमागं धावली अन् धपकन पडली. गुडघा फुटला, भोकाड पसरलं. मी उचलून इचारलं, "दुखते काय वं?"

"लय दुखते," म्हणे.

या अल्ला, इतकं बरं मले जन्मात वाटलं नव्हतं.