न मोजलेली होडी

मित्रांनो, मोरजीच्या किनाऱ्यावर माडांखाली एक फुटकी होडी पालथी पडलेली दिसली, तर तिच्यावर ओले कपडे वाळत घालू नका. ती मी आहे. मी आंब्याच्या लाकडाची एक जुनी होडी आहे आणि मला राग फार लवकर येतो.

माझा जन्मच मुळी मारामारीत झाला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळायच्या आधी भाषेवरून आंदोलन पेटले होते. पेडण्याच्या रस्त्यावर मोटारी अडवायच्या म्हणून कोणीतरी कडेचा आंबा पाडला. मराठीवाल्यांनी पाडला की कोंकणीवाल्यांनी, ते मला आजवर कळलेले नाही. कुऱ्हाड दोन्ही भाषांत सारखीच लागते. चार दिवस तो आंबा रस्त्यात आडवा होता. त्याच्याआडून दगड उडाले, काचा फुटल्या, डोकी फुटली. सगळे निवल्यावर मोरजीच्या गोकुळदासच्या वडिलांनी ते खोड ओढून आणले. सुताराने फळ्या पाडल्या, त्या काथ्याने शिवल्या, वर काजूचे तेल चोपडले आणि डाव्या अंगाला उलांडी बांधली. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून दोन दांड्यांनी बाजूला बांधलेला ओंडका. त्या वर्षीच्या नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला आणि मला लाटांत ढकलले. पहिल्याच लाटेने माझ्या थोबाडीत मारली. मीही तिला सोडले नाही.

रापणीच्या दिवसांत मला मान होता. जाळे घेऊन लाटा फोडत बाहेर जायचे, मोठा वळसा घालून परत यायचे, मग किनाऱ्यावरची चाळीस माणसे ते जाळे ओढायची. गोकुळदास तेव्हा वीस वर्षांचा होता. तो गावभर सांगायचा, "ही होडी न्हय, म्हस आसा म्हस. कितीय मारा, उलटुची नाय!" त्याचे लग्न झाल्यावर त्याची बायको विमला दर नारळी पुनवेला माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कुंकू लावू लागली. पुढे यांत्रिक बोटी आल्या, किनाऱ्याजवळची मासळी आटली, रापण ओढायला माणसे मिळेनाशी झाली. माझ्यात कुत्री झोपू लागली. पर्यटक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे आणि जाताना शहाळ्याची टरफले माझ्या पोटात टाकायचे.

अशात एका वर्षी किनाऱ्यावर ट्रायथलॉन नावाची शर्यत आली. आधी समुद्रात पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे. शुल्क माणशी सात हजार रुपये. नावे नोंदवायचे टेबल अगदी माझ्या कुशीला मांडले होते, म्हणून पुढचे सगळे मी जवळून पाहिले.

डिचोलीजवळच्या नार्व्याहून देवेश आणि त्याची धाकटी बहीण प्राजक्ता आली होती. देवेश पूर्वी खाणीचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर तो पाण्याचा टँकर चालवू लागला. प्राजक्ता नार्व्याच्या नदीत वाढलेली. या एका दिवसासाठी ती वर्षभर पहाटे उठून पोहत होती. भावाने सात हजार जमवून आणले होते. पैसे पुढे करताना त्याने विचारले, "सात हजार घेतात, ते कित्याक?"

सात हजार कशाला, हा प्रश्न अगदी बरोबर होता. पण टेबलामागचा माणूस बाहेरगावचा आणि दिवसभर उन्हात बसून वैतागलेला. तो हसून म्हणाला, "बनियन मिळेल, पदक मिळेल, शेवटी केळं मिळेल. परवडत नसेल तर आपल्या नदीत पोहा की!"

देवेशने टेबल उलथे केले. कागद वाऱ्यावर गेले. त्याने त्या माणसाची गळपट्टी धरून त्याला माझ्यावर आपटले. मग दोन पहारेकरी धावले आणि त्यांनी देवेशला काठ्यांनी बडवले. त्याच्या नाकाचे रक्त माझ्या फळीवर सांडले. प्राजक्ता मधे पडली, तिलाही एक काठी बसली. शेवटी दोघांना किनाऱ्यावरून हाकलून दिले. जाताना देवेश ओरडला, "ह्या चोरांची शर्यत नाका आमकां! प्राजू, येत्या आयताराक हांगाच तुका शर्यत करून दितां. फुकट!"

दुसऱ्या दिवशी शर्यत झाली. पोहणाऱ्यांवर नजर ठेवायला आम्ही चार होड्या पाण्यात उभ्या होतो. सकाळभर लाटा माझ्या बरगड्यांत बुक्के मारत होत्या. कोणी बुडाले नाही, म्हणून कोणी आमच्याकडे पाहिलेही नाही. गोकुळदासला आठशे रुपये मिळाले. चारही होड्यांचे धरा तीन हजार दोनशे. म्हणजे एका पोहणाऱ्याच्या अर्ध्या शुल्कात आम्हा चौघींचे भाडे भागले. बाकीचे पैसे कमानीला लागले, भोंग्यांना लागले, की आणखी कुठे गेले, देव जाणे. त्यामुळे देवेश चोर म्हणाला ते अगदीच खोटे नव्हते. पण रागाच्या भरात तो केळ्याबरोबर आम्हालाही फेकून देऊन बसला.

रविवारी देवेश प्राजक्तासह नार्व्याचे आठ तरुण पोहणारे घेऊन आला. ना टेबल, ना कमान, ना होडी. गोकुळदास माझ्याशेजारी जाळे विणत बसला होता. तो उठून गेला आणि म्हणाला, "पोरांनो, पाणी ओसरता. शापोरा नदीच्या मुखातसून सगळा पाणी भायर धावता हा. आता दर्यात उतरा नकात."

देवेशच्या नाकावर अजून पट्टी होती. तो फणकारला, "काका, होडीचें भाडें जाय म्हणून भंय घालतात नी तुमी?"

भाड्यासाठी भीती घालतो म्हटल्यावर गोकुळदास परत आला. येऊन त्याने दर्याकडे पाठ केली. त्याला ते बोलणे फार लागले होते.

आता नार्व्याची एक रीत ऐका. तिथे पोहायला शिकवताना पहिला धडा एकच असतो, दमलात की तडी धरा. नदीत तडी, म्हणजे काठ, कधीच लांब नसते. नाक काठाकडे करून हातपाय मारले की झाले. देवेशनेही सगळ्यांना तेच बजावले. पण नदीच्या मुखाशी ओहोटी लागली की किनाऱ्याकडे तोंड करून पोहणारा मागे मागेच जातो. तिथे आडवे पोहावे लागते, किनाऱ्याला समांतर. मोरजीच्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असते. नार्व्याच्या चांगल्या पोहणाऱ्याला ते कोणी सांगितलेच नव्हते.

देवेशने किनाऱ्यावरून आठही जणांना पाण्यात सोडले. सात जण घाबरून लवकर वळले आणि खारे पाणी ओकत बाहेर आले. प्राजक्ता सर्वांत दमदार, म्हणून ती सर्वांत लांब गेली होती. तिला दमताना पाहून देवेश किनाऱ्यावरून ओरडू लागला, "तडी धर, प्राजू! तडी धर!" तिने भावाचे ऐकले. ती किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारत राहिली आणि दर्या तिला मागे ओढत राहिला. तिचे डोके एकदा पाण्याखाली गेले, वर आले, पुन्हा गेले.

गोकुळदासने जाळे फेकले आणि मला लाथ घातली. "ऊठ गे म्हशी!"

विमला धावत आली, तिने एक वल्हे घेतले. देवेश मागून ढकलत चढला. पहिल्या लाटेने मला उभे केले, दुसरीने आपटले. माझ्या शिवणीतला काथ्या तटातट तुटला. मी दर्याला इतक्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या. आम्ही पोचलो तेव्हा प्राजक्ता भान विसरली होती. गोकुळदास वाकला, तशी तिने त्याचा गळाच आवळला. तो खाली ओढला जाऊ लागला. त्याने तिच्या खाडकन थोबाडीत दिली, तेव्हा कुठे तिची मिठी सुटली. बहिणीला मारलेले पाहून देवेश त्याच्या अंगावर धावला. विमलाने वल्हे त्याच्या नडगीवर हाणले आणि किंचाळली, "रांडेच्या, बस खाली! जीव वाचयता हा तो तिचो!"

मुलीला आत घेतले. परतताना मोठ्या लाटेने आम्हाला खडकावर फेकले. उलांडी कडाडून मोडली. प्राजक्ता कडेला होती. गोकुळदासने तिला आत ढकलले आणि खडक रोखायला हात पुढे घातला. तो हात खडक आणि माझ्यामध्ये सापडला. मित्रांनो, तो हात मी चिरडला. लाटेने फेकले, हे खरे; पण हाड मोडल्याचा आवाज माझ्या लाकडात झाला आणि तो अजून गेलेला नाही. ज्याने मला तीस वर्षे तेल लावले, तोच हात.

प्राजक्ता वाचली. गोकुळदासचा कोपर पुन्हा वाकला नाही आणि तो पुन्हा दर्यात गेला नाही. माझ्या कुशीला डोके मावेल एवढे भोक पडले.

आठ दिवसांनी देवेश आला. माझ्याजवळ बसून त्याने गोकुळदासला एका होडीचे भाडे विचारले आणि भोकात पाहिले. मग म्हणाला, "आठशें भाडें, आठ जाण. शंबर रुपये, काका. माणशी फक्त शंबर रुपये." आणि त्याने कपाळ माझ्या फळीवर आपटून घेतले. गोकुळदासने चांगल्या हाताने त्याची मान धरली आणि त्याला थांबवले.

आता नार्व्याची मंडळी दरवर्षी इथे स्वतःची शर्यत भरवतात. शुल्क साडेतीनशे. टेबलामागे देवेश बसतो. "साडेतीनशें? कित्याक?" असे कोणी विचारले की तो हसत नाही. उठतो, त्याला माझ्याकडे आणतो आणि त्याचा हात माझ्या भोकात घालायला लावतो. मग खर्चाचा कागद दाखवतो. शर्यत कधी सुरू होणार ते घड्याळ ठरवत नाही. भरतीचे पाणी आत येऊ लागले की गोकुळदास डाव्या हाताने तांबडे फडके हलवतो.

मित्रांनो, शर्यतीचे पैसे जरूर भरा. पण भरण्याआधी ते कुठे जातात ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. कोणी हसले तर हसू द्या, हात उगारू नका. बनियन बघू नका, पाण्याकडे बघा. तुमच्यासाठी लाटांचा मार खात कोण उभे आहे ते बघा, आणि घरी जाताना त्याला नावाने हाक मारा.

यंदाही देवेश पाण्याच्या कडेने होड्या मोजत गेला. "एक, दोन, तीन, चार." प्राजक्ता टोपी चढवून तयार उभी होती. ती म्हणाली, "दादा, एक उरली."

तो मागे वळून माडांखाली आला, माझ्या फुटक्या कुशीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पाच."