बिनपंख्याचं कार्ड

मंगळवारी सकाळी सिद्धारामच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी हिरव्या रेघा आल्या, मग पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. मशीनचे दिवे लागत होते, घरघर चालू होती, पण चित्र म्हणून काही दिसेना. परळीत लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्यांना मशीन बंद पडणं नवं नव्हतं. पण या मशीनमध्ये भिवराबाई होत्या.

भिवराबाई म्हणजे मोहनराव गुत्तेदारांच्या आई. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकच्या वैशाखात, मोहनरावांच्या मुलीचं लग्न झालं आणि शूटिंग सिद्धारामनं केलं. पाठवणीच्या वेळी म्हातारीनं नातीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि कॅमेऱ्याकडं बघून बोळकं पसरून हसली. पुढं महिनाभरात ती गेली. सोमवारी दहावा झाला होता. गुरुवारी तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांना ते लग्न टीव्हीवर दाखवायचं, असा मोहनरावांचा निरोप होता.

आता कुणी म्हणेल, मशीन गेलं तर गेलं, मूळ कॅसेट तर असेल ना. तिथंच तर खरी गोम होती. दर लग्नाला कोरी कॅसेट घेत बसलं तर धंद्याचं दिवाळं निघतं, म्हणून हे लोक एक लग्न कॉम्प्युटरात उतरवून घेतलं की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न घेत. याला ते हुशारी म्हणायचे. मोहनरावांच्या कॅसेटवर आठवड्यानं दिंद्रुडचं एक लग्न चढलं आणि ती हौशी मंडळी कच्ची कॅसेटच मागून घेऊन गेली. म्हणजे भिवराबाई आता जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या.

मोहनराव शिव्या देणारा माणूस असता तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा होतो. पण मोहनराव हळू बोलत, आणि ज्याच्याशी ते फार हळू बोलले त्याची थर्मलमधली, म्हणजे वीजकेंद्रातली, कामं बंद झाली, असं गावात सगळे सांगत. सिद्धाराम त्यांना भीत होता. ते विचारतील आणि आपल्याला ‘नाही’ म्हणावं लागेल, एवढीच ती भीती होती.

त्यानं एसटीडी बूथवरून अंबाजोगाईच्या सुग्रीवला फोन लावला. सुग्रीवचं तिथं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि दोघं एकाच बाकावर शिकलेले. रेघांचं वर्णन ऐकून सुग्रीव म्हणाला, पडद्यावर चित्र पाठवणारं डिस्प्ले कार्ड गेलं असणार, जुनं काढून घेऊन ये. बुधवारी पहाटेच्या पहिल्या जीपनं सिद्धाराम निघाला. खिशात साडेतीन हजार होते आणि त्यावर एक रुपयाही कुठून येणार नव्हता.

सुग्रीवनं काचेवर दोन खोकी ठेवली. एकावर आग ओकणारा राक्षस. आत बत्तीस एमबीचं कार्ड, त्यावर छोटा पंखा, पण बनवणाऱ्याचं नाव खोक्यावर कुठंच नाही. गॅरंटी महिन्याची आणि तीही तोंडी. दुसरं खोकं साधं पांढरं. सोळा एमबी, पंखा नाही, गार ठेवायला नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्या. पण कंपनीचं नाव होतं, औरंगाबादच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता होता आणि तीन वर्षांची लेखी गॅरंटी होती. किमतीत शंभराचा फरक. बत्तीसचं कार्ड घ्यायचं सिद्धारामच्या मनात वर्षभर होतं. त्याचा हात आपसूक राक्षसाकडं गेला.

“ठेव बे ते,” सुग्रीव म्हणाला. “परळीत जे गरगर फिरतंय ते टिकत न्हाई. थर्मलची राख बसली की पंखा जाम, अन् पंखा जाम झाला की कार्ड भाजून निघतंय. तुझ्याच गावातून तीन वापस आलेत.”

मग त्यानं जुनं कार्ड पांढऱ्या खोक्यातल्या कार्डाशेजारी धरून खालच्या सोनेरी दातांमधल्या खाचा जुळवून पाहिल्या. खाच जुळली नाही तर मशीन जळू शकतं, असंही वर सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती. परतीच्या जीपमध्ये सिद्धारामच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. खाचा जुळल्या होत्या, त्यानं डोळ्यांनी पाहिल्या होत्या, तरी वाटेत दोनदा त्यानं मांडीवरचं खोकं उघडून पाहिलं.

घरी आल्यावर आई, गंगासागर, दारातच म्हणाली की मोहनरावांची गाडी सकाळपासून दोनदा गल्लीच्या तोंडाशी थांबून गेली. खोकं मशीनजवळ ठेवून सिद्धाराम तोंड धुवायला मागं गेला आणि हौदाच्या कडेला बराच वेळ नुसता बसून राहिला. शेवटी उठला, कार्ड न बघताच चंदेरी पिशवीतून ओढलं, मशीनमधल्या खाचेत दाबलं आणि बटण सुरू केलं.

मशीनमधून एक लांब शिट्टी, दोन आखूड. पडदा काळाच.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मशीन जळालं, सुग्रीवनं फसवलं, लग्न गेलं, म्हातारी गेली, असं एकामागून एक मनात येत गेलं. एवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

मोहनराव आत आले. डोक्याचं मुंडण झालेलं, खांद्यावर उपरणं. कुणी सांगायच्या आत ते खुर्चीत बसले. काही विचारलं नाही, पडद्याकडंही पाहिलं नाही. हात मांडीवर ठेवून जमिनीकडं बघत राहिले. काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून सिद्धारामनं मशीन बंद करून कार्ड उपटून काढलं आणि उजेडाकडं धरलं.

सोनेरी दातांवर राखाडी पट्टे होते. परळीत राख सगळ्याच वस्तूंवर असते, तिच्याकडं कुणाचं लक्षही जात नाही. पण ही राख शिस्तीत बसली होती. तीन बोटांचे तीन आडवे पट्टे.

त्यानं वळून पाहिलं. दाराच्या चौकटीत आई उभी होती. देवाला दाखवल्याशिवाय त्या घरात साधी कात्रीसुद्धा वापरात येत नसे. तो हौदावर बसला होता तेव्हा तिनं पाण्यात भस्म कालवून कार्डाला लावलं होतं आणि ते परत पिशवीत सरकवलं होतं. सोनेरी बाजू हेच त्याचं कपाळ, असं तिनं ठरवलं होतं.

“तू लई भ्यालतास,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मग मी दुसरं काय करू?”

सिद्धाराम चिडला असता, पण चिडायलाही अंगात ताकद लागते. शेजारच्या पोराच्या दप्तरातला खोडरबर आणून त्यानं एकेक दात घासला, फुंकला, पुन्हा घासला. कार्ड बसवलं. बटण दाबताना त्यानं डोळे मिटून घेतले होते.

एकच छोटी शिट्टी झाली. डोळे उघडले तर पडद्यावर अक्षरं धावत होती. लग्न होतं. सगळं होतं. त्यानं पाठवणी काढली आणि भिवराबाईंनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, मान वळवली आणि हसल्या.

“थांबीव,” मोहनराव म्हणाले.

चित्र थांबलं. सिद्धारामची भीती गेली तशीच परत आली. आता ते कॅसेट मागणार. खोटं बोलायची त्याची तयारी नव्हती.

“मोहनराव, मूळ कॅसेट माझ्याकडं न्हाई. तिच्यावर दुसरं लगीन घेतलंय मी.”

“ठावं हाय.” त्यांनी मान वर केली नाही. “दहाव्याला दिंद्रुडचे पाव्हणे आलते. म्हणले, आमचं लगीन संपल्यावर त्या कॅसेटीत शेवटी तुमची आई दिसती. काल जाऊन बघितलं. नात गेल्यावर घरात माघारी चाललीय. नुसती पाठ दिसती रे. लई येळा बघितलं, वळतच न्हाई.”

“मग काल कावून विचारलं न्हाई तुमी?” सिद्धारामनं विचारलं.

मोहनरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि खुर्ची पडद्याजवळ सरकवली.

“तू म्हणला असतास, हितंबी न्हाई, तर?” ते म्हणाले. “भ्यालतो मी.”