पुसलेले आकडे

"माझ्या त्या वीस ओळी कुणी काढल्या?"

"मी. कळत कुणाला होत्या? आणि काका, आवाज खाली." साहेब पेन्सिलीच्या टोकाने दात कोरत म्हणाले.

रुग्णालयाचे नेटवर्क एकतीस वर्षे सांभाळणाऱ्या काकांना त्या पेन्सिलीची शिसारी आली. जुन्या आणि नव्या इमारतींच्या जाळ्यांत, माहितीने कुठून जायचे ते मार्ग कळवण्याच्या रीती निरनिराळ्या होत्या. मधले दोन राउटर दुभाष्यासारखे एकीकडचे मार्ग दुसरीकडे सांगत. म्हणून त्या राउटरांत वीस ओळी लिहून, ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक मार्गावर काकांनी एक आकडा डकवला होता. आकडा दिसला, की ही वार्ता आपल्याच घरची. ती परत घ्यायची नाही. काका दोन दिवस रजेवर गेले, साहेबांनी आकडे पुसले, आणि जुन्या इमारतीने आपलीच वार्ता शेजारणीच्या तोंडून ऐकून खरी मानली. प्रयोगशाळेचे अहवाल दोन राउटरांमध्ये घाण्याच्या बैलासारखे फिरले आणि वाटेतच संपले. अतिदक्षता विभागातल्या एका म्हाताऱ्याचा रक्ताचा अहवाल सहा तास पोचला नाही. म्हातारा जगला, यात साहेबांचे श्रेय काडीचेही नव्हते.

"सही करा." साहेबांनी कागद पुढे सरकवला. "लॅबवाल्या बाईंनी अहवाल पाठवलाच नाही, असं लिहिलंय. कंत्राटी आहे ती, दुसरीकडे लागेल. तुम्ही चार महिन्यांनी निवृत्त होताय ना? सुखानं व्हा की!"

"तिनं सव्वानऊला पाठवलाय. नोंद आहे."

"नोंदी वाचतं कोण हो!"

"मी वाचतो."

त्या कागदाला बोटही न लावता काका उठले. आधी त्यांनी आकडे पूर्ववत केले. मग घडले ते, कोणी केले त्याच्या नावासकट, चौकशी समितीला लिहून पाठवले. दुपारी त्यांच्या बदलीचा हुकूम आला.

लिफ्टपाशी लॅबवाल्या बाई भेटल्या. काकांनी समितीला काय लिहिले, ते त्यांना ठाऊक नव्हते.

"काका, आग लावा त्या तुमच्या नेटवर्कला! फुकट माझ्या नावानं बोंब झाली."

"आता नाही होणार."

"आणि हे खोकं घेऊन कुठं?"

"तळघरात. भांडार सांभाळायला."

"बरं झालं! तिथं तरी कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही."

लिफ्ट आली. बाईंच्या दोन्ही हातांत रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे होता. काकांनी खोके खाली ठेवले आणि आधी त्यांच्या मजल्याचे बटण दाबले.