गारवा कोंडलेला गोठा

भाऊजी पशुपालनाच्या दोन दिवसांच्या शिबिरातून शहाणे होऊन परतले आणि गोठ्याचे ग्रह फिरले. छताला पाण्याचे बारीक फवारे लागले. इथवर ठीक. पण गारवा पळून जाऊ नये म्हणून त्यांनी चारी बाजूंना जाड प्लास्टिकचे पडदे ठोकले. पंखे ‘आता कशाला’ म्हणून माळ्यावर गेले.

“एसीच्या खोलीची खिडकी कुणी उघडी ठेवतं का, वहिनी?”

वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, बाळाला कडेवर घेऊन आत शिरली तशी चष्म्यावर वाफ धरली. कसला गारवा? झाकण घातलेलं आधण नुसतं! पंधरा दिवसांत विणारी गाय मान ताणून, जीभ बाहेर टाकून उभी होती. लाळेच्या तारा लोंबत होत्या. वहिनीनं घड्याळ धरून गाईची कूस मिनिटाला किती वेळा हलते ते मोजलं. बाळाला न्यूमोनिया झाला तेव्हा लागलेली श्वास मोजायची सवय सुटलीच नव्हती.

“भाऊजी, मिनिटाला शहाण्णव! ही जाईल, आणि पोटातलं वासरूही.”

“बाळाचे मोजता, आता गाईचेही? शिबिरात शंभर जण होते, एकालाही शंका आली नाही.”

“शंभरांना गाय दाखवली होती का, की नुसता चहा पाजला?”

भाऊजींनी गळ्यातलं शिबिराचं ओळखपत्र सरळ केलं. हल्ली ते घालूनच जेवायचे.

“ओल्या अंगाला वारा हवा, भाऊजी. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून तासभर बसा. गार वाटलं की हाक मारा.”

ते हसले आणि फवाऱ्याचा नळ आणखी सोडला.

गाईचे पुढचे पाय लटपटले. तशी सुनेनं बाळाला सासूकडे दिलं, चाऱ्यातला विळा उचलला आणि पडदा वरपासून खालपर्यंत फाडला.

“नवे आहेत हो ते!”

दुसरा. तिसरा. मग भाऊजी दुपारी ज्याच्यासमोर घोरायचे, तो उभा पंखा तिनं त्यांच्याच खोलीतून ओढत आणला.

तासाभरात बहात्तर. उन्हं उतरली तेव्हा अठ्ठावन्न. गाय बसली, रवंथ करू लागली.

गुरांचे डॉक्टर आले, तेव्हा भाऊजी ओळखपत्र चाचपत पुढे. “फवारे होते म्हणून वाचली, डॉक्टर.”

“आणि हे पडदे कुणी फाडले?”

“वहिनींनी. त्यांना यातलं काही कळत नाही.”

सुनेनं आधी गाईचे श्वास मिनिटभर पूर्ण मोजले. मग म्हणाली, “चौथा शाबूत आहे, भाऊजी. तो तुमच्या खोलीला ठोका. पंखा तर आता इथेच राहणार आहे.”