शहाणी ठमी

तिने मुलीची बाही वर सरकवली आणि तो इवलासा हात पाळणाघराच्या मावशींसमोर धरला.

"हे बघा. या आठवड्यात तिसऱ्यांदा. आज मला नाव पाहिजे म्हणजे पाहिजे."

मनगटाच्या वर दातांचे लालनिळे वण उमटले होते. मावशींनी त्यांवरून हलकेच बोट फिरवलं.

"ताई, चावणाऱ्या मुलाचं नाव आम्ही कुणाच्याच आईला सांगत नाही. नियमच केलाय तसा. नाहीतर तुम्ही बायका दारातच एकमेकींच्या झिंज्या उपटाल."

"मग मीच सांगते. तो पैलवान."

पैलवान म्हणजे कोपऱ्यात ठोकळे रचत बसलेला एक गुबगुबीत पोरगा. काल संध्याकाळी कुणाचं लक्ष नाही असं पाहून तिने त्याचा कान चांगला पिळला होता. आज तिला बघताच तो खेळण्यांच्या कपाटाआड सरकला. तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

"त्याला काढा, नाहीतर मी हिला काढते," ती म्हणाली.

काढून नेणार कुठे, देव जाणे. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या यंत्रावर उभी असे. नवरा ट्रक घेऊन गेला की पंधरा पंधरा दिवस त्याचं तोंड दिसत नसे. दोन्ही आज्या लांब, आणि एकीचे गुडघे गेलेले तर दुसरीचे डोळे. इतक्या सकाळी दार उघडणारं पाळणाघर हे एकच. उशीर केला म्हणून मुकादमाने गेल्याच महिन्यात तिच्या शेजारच्या यंत्रावरच्या बाईला घरी बसवलं होतं. मावशींना हे सगळं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. म्हणूनच तिचा आवाज जरा जास्तच चढला होता.

ठमी मात्र निमूट उभी होती. अडीच वर्षांची चिमुरडी, पण शहाणपण आजीबाईचं. बाकीची पोरं दारात भोकाड पसरत, आयांच्या पायांना मिठ्या मारत. ठमी टाटा करून सरळ आत जाई. इतर आया हेव्याने विचारत, काय जादू केलीत हो? ती हसून सांगे, सवय लावावी लागते. पहिल्या आठवड्यात ठमीनेही रडून रडून जीव नकोसा केला होता. एकदा तर लाँड्रीची गाडी चुकता चुकता राहिली. तेव्हा वैतागून ती बोलून गेली होती, "रडणाऱ्या मुलींच्या आया त्यांना न्यायला येत नाहीत." औषध एकदाच द्यावं लागलं. ठमी त्यानंतर रडली नाही.

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं.

"गाडीला अजून थोडा वेळ आहे ना? मग हिला रोजच्यासारखा टाटा करा आणि मागच्या बाजूने स्वयंपाकघरात या. बोलू नका काही. फक्त बघा."

स्वयंपाकघराच्या दाराला बोटभर फट होती. ती डोळा लावून उभी राहिली. मावशी शेजारी होत्या.

पैलवान पुन्हा ठोकळ्यांपाशी येऊन बसला होता. ठमी जिथे सोडली होती तिथेच, बंद दाराकडे बघत उभी होती. तिची हनुवटी थरथरली, ओठ वाकडे झाले. तिने घाबरून इकडेतिकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं, डावा हात तोंडात घातला आणि कचकन दात रोवले. तिचे खांदे गदागदा हलत होते. आवाज अजिबात येत नव्हता.

आई मावशींकडे वळली.

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. मी हात सोडवते, मांडीवर घेते, मग शांत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"मला सांगायचं तरी!"

"रोज ठरवायचे," मावशी म्हणाल्या. "पण तुम्ही दारातून कौतुकाने सांगत यायच्या, माझी ठमी रडत नाही म्हणून. माझी जीभच उचलायची नाही."

बाहेर लाँड्रीच्या गाडीने हॉर्न दिला. ती दार ढकलून आत धावली, जमिनीवर बसली आणि तो ओला हात दातांतून सोडवला. पोरीला छातीशी धरताना तिला स्वतःचाच राग आला.

"रड, बाळा. मोठ्याने रड. रडलीस तरी मी येणार. रोज येणार."

ठमी दचकली. तिने फ्रॉकच्या टोकाने घाईघाईने डोळे पुसले.

"मी नाही रडले. मावशीला विचार."

गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. ती हलली नाही. ठमीने मिठीतून अंग सोडवून घेतलं आणि दोन्ही हातांनी आईला दाराकडे ढकलायला सुरुवात केली.

"जा ना आई," ती म्हणाली. "गेलीस की मग येशील."